वर्गणी भरली, पण प्रत कुणाकडे?

छापील संशोधनपत्रिकेची वर्गणी भरली की अंक ग्रंथालयाच्या मालकीचा होई. वर्षाचे अंक एकत्र बांधून घेतले, की पुढे वर्गणी थांबली किंवा प्रकाशकाने गाशा गुंडाळला, तरी तो खंड कपाटात राही. इलेक्ट्रॉनिक अंकांनी हा व्यवहारच पालटला. आता पैसे भरायचे ते प्रकाशकाच्या सर्व्हरवरचा अंक वाचण्यासाठी. प्रत बहुतेक वेळा ग्रंथालयात येतच नाही.

प्रकाशकाचा सर्व्हर बंद पडला तर अंकही जातील, ही भीती निराधार नाही. 2000 ते 2019 या काळात मोफत वाचता येणारी 174 संशोधन नियतकालिके इंटरनेटवरून नाहीशी झाल्याचे मिकाएल लाक्सो आणि सहकाऱ्यांनी शोधून काढले. त्यांत समाजविज्ञान आणि मानव्यविद्यांची नियतकालिके बरीच होती. लेखाला डीओआय, म्हणजे कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक, मिळाला की तो सुरक्षित झाला, हाही गैरसमजच. 2024 मध्ये मार्टिन ईव्ह यांनी 74 लाखांहून अधिक डीओआय तपासले. त्यांपैकी सुमारे 28 टक्के लेखनाचा प्रमुख डिजिटल संग्रहांमध्ये मागमूस लागला नाही. डीओआय पत्ता सांगतो. त्या पत्त्यावर लेख टिकवण्याचे काम कुणाला तरी करावेच लागते.

ते कसे करावे, याचे एक उत्तर ग्रंथालयातच शोधले गेले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात व्हिक्टोरिया राइश आणि डेव्हिड रोझेन्थाल यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस ‘लॉक्स’ ही योजना उभी केली. तिचे सूत्र एकच: प्रती पुष्कळ ठेवा आणि वेगवेगळ्या हाती ठेवा. सहभागी ग्रंथालयाचा संगणक प्रकाशकाच्या परवानगीने अंक उतरवून घेतो. नंतर हे संगणक आपापल्या प्रती एकमेकांशी ताडून पाहतात. एखादी प्रत इतरांशी जुळली नाही, तर ती दुरुस्त केली जाते. ही पडताळणी सतत चालू राहते, कारण डिस्कवरचा बिघाड बाहेरून दिसत नाही. याच तंत्रावर चालणारा ‘क्लॉक्स’ संग्रह एरवी बंद असतो. प्रकाशकाकडून एखादे नियतकालिक कायमचे मिळेनासे झाले, तर त्याचे अंक तो सर्वांसाठी मोफत खुले करतो. 2005 पासूनचे ‘पोर्टिको’ मात्र हीच जबाबदारी एका मध्यवर्ती संस्थेमार्फत सांभाळते.

भारतासाठी हा प्रश्न आता तातडीचा आहे. सरकारी शिक्षणसंस्थांसाठी देशपातळीवर एकत्रित वर्गणी भरणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये आणि जवळपास 13,000 नियतकालिके असा तिचा आवाका आहे. खेड्यातल्या सरकारी महाविद्यालयालाही जगातले संशोधन वाचता यावे, हे मोठेच पाऊल आहे. म्हणूनच अशा प्रत्येक करारात एक प्रश्न रोखठोक विचारायला हवा: मुदत संपल्यावर, ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक आम्हाला कुठे मिळणार?

आपल्या विद्यापीठांची आणि संशोधन मंडळांची नियतकालिकेही विसरून चालणार नाही. ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ या मोफत प्रणालीवर निघणाऱ्या नियतकालिकांना, ती प्रणाली तयार करणाऱ्या ‘पीकेपी’चे (पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट) जतन-जाळे विनामूल्य उपलब्ध आहे. संपादकाने आणि ग्रंथपालाने एकत्र बसून आपल्या नियतकालिकाची त्या जाळ्यात नोंदणी करावी. नवा अंक काढण्याइतकेच जुना अंक राखणे हेही प्रकाशनाचेच काम आहे.