एक्सेल आणि प्रयोगशाळेचे दस्तऐवज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

त्र्यंबकेश्वरसारख्या तालुक्याच्या गावातल्या छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये अनेकदा संगणक एकच असतो आणि त्यात एक्सेल असते. एसओपी, किटची माहितीपत्रके, कोरे फॉर्म आणि नियमावल्या यांचे नियंत्रण तेवढ्यावर नीट ठेवता येते. मात्र त्याभोवतीचे गैरसमज आधी दूर व्हायला हवेत.

मान्यता हवी तर महागडे सॉफ्टवेअर लागतेच, हा पहिला गैरसमज. एनएबीएल ज्या आयएसओ १५१८९ मानकावर वैद्यकीय प्रयोगशाळांना मान्यता देते, त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत असे कोणतेही बंधन नाही. प्रत्येक दस्तऐवजाला स्वतंत्र ओळख, वापराआधी अधिकृत व्यक्तीची मंजुरी, ठरावीक काळाने आढावा, कामाच्या जागी चालू आवृत्ती आणि रद्द आवृत्ती चुकून वापरली जाऊ नये अशी तजवीज, एवढे मानक मागते. हे वहीतही साधते.

एक्सेलमधली दस्तऐवजांची यादी पूर्ण झाली की नियंत्रण पूर्ण झाले, हा समज अधिक घातक आहे. समजा, रक्तशर्करेचे किट बदलले. जुन्या किटला ३७ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे लागत, नव्याला १० पुरतात. शीटमध्ये या चाचणीच्या एसओपीची ‘बायो-०४, आवृत्ती ३’ अशी ओळ चढली, सही झाली. पण ॲनालायझरशेजारच्या भिंतीवर आवृत्ती २ ची झेरॉक्स तशीच राहिली. रात्रपाळीचा तंत्रज्ञ भिंतीवरचा कागद वाचतो, शीट उघडत नाही. म्हणून ‘प्रती कुठे आहेत’ आणि ‘जुनी प्रत कधी काढून घेतली’ हे यादीतले सर्वांत मोलाचे रकाने. नेमके तेच राहून जातात. २०२७ च्या सिंहस्थासारख्या गर्दीत बाहेरगावचा तंत्रज्ञ मदतीला आला, तर त्याच्यापुढे तो भिंतीवरचा कागदच असणार.

जुनी आवृत्ती पुसून टाकणे म्हणजे शिस्त, हेही खरे नाही. रद्द आवृत्तीची किमान एक प्रत ठरवलेल्या मुदतीपर्यंत जपावी लागते. सहा महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टवर शंका आली, तर तेव्हा कोणती पद्धत लागू होती हे त्याच प्रतीवरून कळते. त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांच्या वंशावळीच्या वह्यांत नव्या पिढीसाठी जुनी खोडत नाहीत, तसेच हे.

शीटला पासवर्ड घातला की ती सुरक्षित झाली, असेही मानले जाते. शीटचा पासवर्ड चुकून होणारा बदल अडवतो, मुद्दाम केलेला नाही. बदलाचा अधिकार एकाकडे, बाकीच्यांना फक्त वाचण्याची मुभा, आणि कोणी, केव्हा, का बदलले याची वेगळी नोंद, ही व्यवस्था माणसांनीच लावायची असते. आढाव्याची तारीख उलटली की लाल होणारा रकाना सूत्राने सहज करता येतो, पण फाइल उघडलीच नाही तर तो कोणाला दिसणार?

एक्सेल आपल्याला हवे तेच लिहिते, हा शेवटचा समज. संगणकाच्या सेटिंगनुसार ०५/०६ म्हणजे ५ जून किंवा ६ मे होतो. महिना अक्षरांत दिसेल असे स्वरूप ठेवावे. काही जनुकांच्या नावांच्या एक्सेल तारखा करत असे, म्हणून २०२० मध्ये ती नावेच बदलावी लागली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या फाइल-प्रकाराच्या ६५,५३६ ओळींच्या मर्यादेमुळे सुमारे १६ हजार कोविडबाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. दस्तऐवजांची यादी काही शे ओळींत संपते, म्हणून तिला एक्सेल पुरते. रुग्णांच्या निकालांचा साठा त्याच भरवशावर ठेवू नये. यादीचीही बॅकअप प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी आणि ती उघडते का, हे अधूनमधून तपासावे.