पिशवीतली गोळी आणि पोटातले जंतू

भारतातून परतताना आपल्या बॅगेत औषधांची एक पिशवी हमखास असते. आमच्याकडेही होती. गेल्या हिवाळ्यात आमच्या चार वर्षांच्या मुलीला जुलाब सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी शीतून रक्त दिसलं. पुण्याहून आलेल्या आईने पिशवीतून नॉरफ्लॉक्सासिनची गोळी काढली. "अर्धी मधातून देऊ," म्हणाली. गोळीची मुदत संपली आहे की नाही यावर आमचा वाद चालू असतानाच डॉक्टरांची वेळ मिळाली. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "अँटिबायोटिक दिलं नाहीत ना?"

मला तो उलटा वाटला. जंतू मारायलाच तर ते औषध! मी डॉक्टर नाही, संगणकाचा माणूस आहे, पण कारण वाचलं तेव्हा ते अगदी आमच्या धंद्यातलं निघालं.

ई. कोलाय हा जंतू आपल्या सर्वांच्या आतड्यात गुण्यागोविंदाने राहतो. त्याच्या काही जाती मात्र शिगा नावाचं विष बनवतात. गंमत म्हणजे या विषाचं जनुक मुळात जंतूचं नाहीच. जंतूंनाही विषाणूंची लागण होते. असा एक विषाणू आपला डीएनए जंतूच्या डीएनएत घुसवून स्वस्थ पडून राहतो. विषाचं जनुक त्याच्याबरोबर आलेलं असतं. एक राखणदार प्रथिन त्या जनुकांना गप्प ठेवतं. म्हणजे प्रोग्रॅम लिहिलेला आहे, पण तो सुरू करायला बंदी आहे.

जंतूच्या डीएनएला इजा झाली की धोक्याची घंटा वाजते. रेकए नावाचं प्रथिन जागं होतं आणि त्याच्या संगतीने राखणदार स्वतःच तुटतो. बंदी उठली! विषाणू स्वतःच्या प्रती काढत सुटतो, सोबत विषही बनतं, शेवटी जंतू फुटतो आणि सगळं आतड्यात सांडतं. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधं नेमका डीएनएवरच घाव घालतात. जंतू मरतो, पण विष ओकून. सगळीच अँटिबायोटिक्स असं करत नाहीत, पण पोटात कोणता जंतू आहे हे तपासणीआधी डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

हे विष मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर हल्ला करतं. १९९५ च्या सुरुवातीला ॲडलेडमध्ये मेटवर्स्ट या न शिजवता आंबवलेल्या सॉसेजमधून ई. कोलाय ओ१११ पसरला. वीसहून अधिक रुग्णांना, त्यांतल्या बहुतेक मुलांना, मूत्रपिंडाचा हा गंभीर विकार झाला आणि चार वर्षांची एक मुलगी दगावली. आपण कुठे सॉसेज खातो, असं म्हणू नका. बार्बेक्यूवरचा आतून कच्चा बर्गर किंवा वासरांना कुरवाळून न धुतलेले हातही पुरतात.

तेव्हा मुलाच्या शीतून रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तोवर जलसंजीवनी पाजा. जुलाब थांबवणारी गोळीसुद्धा मनाने देऊ नका. जुलाब ओसरल्यावरही आठवडाभर लक्ष ठेवा. लघवी कमी झाली, मूल पांढरंफटक किंवा मलूल दिसलं, तर थेट इस्पितळातला इमर्जन्सी विभाग गाठा.

आमच्या मुलीच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर निघाला आणि ती आपोआप बरी झाली. पिशवीतल्या गोळ्या मी केमिस्टकडे देऊन टाकल्या. नको असलेली औषधं ते फुकट परत घेतात. मुदत संपलेली नव्हती, असं आई अजून म्हणते.