रांगते बाळ घरात असेल तर बेडरूममध्ये काय बदलाल?

बाळ साधारण ४ ते ६ महिन्यांचे झाले की पालथे पडू लागते, ७ ते १० महिन्यांच्या दरम्यान रांगते आणि वर्षाच्या आसपास मिळेल ते धरून उभे राहते. काल ज्या वस्तूपर्यंत हात पोहोचत नव्हता, ती आज तोंडात असते. स्वयंपाकघरात आपण सावध असतो, पण बेडरूममध्ये निर्धास्त होतो. आपल्याकडे ही खोली एकट्या बाळाची नसते. आईच्या गोळ्या, आजोबांची औषधे, इस्त्री, डासांचे मशीन, सगळे तिथेच असते. म्हणून आधी जमिनीवर बसा आणि बाळाच्या उंचीवरून खोली पाहा.

उशाजवळच्या गोळ्या

सर्वांत जास्त काळजी मला याची वाटते. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी एकच गोळी लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते, आणि हा परिणाम काही तासांनंतरही दिसू शकतो. त्यामुळे 'खेळतोय ना, मग ठीक आहे' असे समजून घरी थांबू नका. बाळंतपणानंतर आईला दिलेल्या लोहाच्या गोळ्या दिसायला जेम्सच्या गोळ्यांसारख्या असतात. त्या जास्त संख्येने पोटात गेल्या तर जिवावर बेतू शकते.

आजी-आजोबा औषधे डोळ्यांसमोर ठेवतात ती विसरू नयेत म्हणून. त्यांना रागावून उपयोग नाही. उंचावरचा एक कप्पा त्यांना ठरवून द्या आणि वेळेला गोळी हातात नेऊन द्या. पाहुण्यांच्या पर्सही खाली ठेवू नका. आणि बाळाला औषध पाजताना 'चॉकलेट आहे' असे कधीही म्हणू नका.

कापूर आणि डांबर गोळ्या

सर्दीसाठी ओवा-कापराची पुरचुंडी बाळाच्या उशाशी बांधायची पद्धत आहे. ती सुटली आणि कापूर पोटात गेला, तर थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. पुरचुंडी नकोच. कपाटातल्या डांबर गोळ्याही घातक आहेत. काही मुलांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम कमी असते, त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी या गोळ्यांमुळे फुटतात. मग काही दिवसांत कावीळ दिसते, लघवी गडद होते. अशा गोळ्यांत ठेवलेली जुनी दुपटी, स्वेटर धुऊन, उन्हात वाळवूनच वापरा.

बटन सेल

छोटे रिमोट, डिजिटल थर्मामीटर, गाणी वाजवणारी खेळणी यांत चपटा गोल सेल असतो. तो अन्ननलिकेत अडकला तर २ तासांतही आतली त्वचा जाळू शकतो. मूल लाळ गाळते, खायला नकार देते, खोकते. कधी काहीच लक्षण नसते. केळे किंवा भाताचा गोळा खाऊ घालून 'शीतून पडेल' म्हणून वाट पाहू नका. शंका आली तरी लगेच एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. ज्या खेळण्याचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, ते घरात नकोच.

पलंग, खिडकी, कपाट

पलंगाच्या कडेला उशांची भिंत रचल्याने बाळ पडायचे थांबत नाही, उलट एक वर्षाखालच्या बाळाचे तोंड उशीत दबून श्वास कोंडू शकतो. जमिनीवर पातळ, घट्ट गादी घाला आणि बाळाला पाठीवर झोपवा. पलंग व भिंत यांच्यात बाळ अडकेल अशी फट ठेवू नका. झोपताना गळ्यातला काळा दोरा, ताईत काढून ठेवा.

खिडकीखाली पलंग किंवा टेबल ठेवू नका, मूल त्यावरून चढते. ग्रिलच्या गजांमधले अंतर १० सेंमीपेक्षा कमी हवे. मच्छरजाळी मुलाचे वजन पेलत नाही. कपाट आणि टीव्ही सुताराकडून भिंतीला पट्टीने ठोकून घ्या; ड्रॉवर उघडून मूल त्यावर चढले की अख्खे कपाट अंगावर येते. दाराची आतली कडी उंचावर बसवा. चार्जर वापरून झाला की काढून ठेवा.

काही झालेच तर

पडल्यानंतर मूल बेशुद्ध झाले, वारंवार उलट्या झाल्या, उठवूनही नीट जागे होत नसेल, झटका आला, डोक्यावर मऊ फुगवटा आला किंवा कानानाकातून पाणी अथवा रक्त आले, तर ताबडतोब रुग्णालयात न्या. ३ महिन्यांखालचे बाळ पडले तर लक्षणे नसली तरी दाखवा.

काही गिळले असेल तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. १०८ वर फोन करा. गोळ्यांची स्ट्रिप किंवा बाटली सोबत घ्या, किती गोळ्या कमी आहेत ते मोजा आणि शेवटचे कोणी कधी पाहिले होते ती वेळ डॉक्टरांना सांगा.