व्यालेली गाय खाऊनही का वाळते?



“साहेब, गाय व्याली, खुराक वाढवला, तरी महिन्याभरात बरगड्या दिसायला लागल्या. असं का?” लातूर-नांदेड भागात संकरित गाई सांभाळणारे बरेच जण हा प्रश्न विचारतात. याचे उत्तर गाईच्या रक्तातल्या साखरेत आहे.

दुधाची गोडी ही रक्तातल्या साखरेपासूनच येते. एक लिटर दूध तयार होण्यास सुमारे ७० ग्रॅम साखर खर्च होते. म्हणजे १० लिटर देणाऱ्या गाईला नुसत्या दुधासाठी रोज ७०० ग्रॅम साखर हवी. ही साखर चाऱ्यातून थेट मिळत नाही. पोटातले जंतू चारा आंबवतात, त्यातून आम्ले तयार होतात व मुख्यतः त्यांचीच साखर गाईचे यकृत बनवते.

आता इन्शुलिनचे काम पाहू. उसाला पाणी देताना आपण एका सरीचे दार बंद करून दुसऱ्या सरीचे मोडतो. शरीरात मांसाची व चरबीची दारे उघडून साखर आत सोडण्याचे काम इन्शुलिन करते. गाभणपणाच्या शेवटी व व्याल्यानंतर रक्तातले इन्शुलिन कमी होते. मांस-चरबी त्याचे ऐकेनाशी होतात. कासेला मात्र साखर घेण्यास इन्शुलिन लागत नाही. तिचे दार सदा मोकळे. म्हणून साखर आधी पोटातल्या वासराला आणि मग दुधाला जाते. हा रोग नव्हे, निसर्गाची सोय आहे.

अडचण पुढे येते. दूध झपाट्याने वाढते, पण भूक मागाहून वाढते. तूट भरून काढण्यास अंगची चरबी वितळते. ती थोडी वितळली तर बिघडत नाही. फार वितळली की यकृतात साचते आणि रक्तात कितन पदार्थ वाढतात. यालाच कितनबाधा किंवा केटोसिस म्हणतात. देवणी व लाल कंधारी गाईंचे दूध बेताचे, म्हणून हा ताणही बेताचा. जास्त दुधाच्या संकरित गाईला धोका अधिक.

आपली चूक बहुधा व्यायच्या आधीच होते. “पोटात वासरू आहे” म्हणून आटलेल्या गाईला भरमसाट पेंड घालतो. अशी लठ्ठ गाय इन्शुलिनला आणखी कमी दाद देते, व्याल्यावर कमी खाते आणि तिची चरबी जास्त वितळते.

काय करावे?

१. गाय व्यायच्या दोन महिने आधी आटवा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात, एवढेच अंग ठेवा.

२. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत खुराक थोडा थोडा सुरू करा. व्याल्यावरही दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलोच वाढवा. एकदम वाढवला तर पोट आंबते.

३. नुसत्या कडब्यावर किंवा सोयाबीनच्या भुसावर भागवू नका. कडबा कुट्टी करून हिरव्या वैरणीबरोबर द्या. पाणी भरपूर पाजा.

४. गुळाचा मोठा खडा चारून साखर भरून निघत नाही. गूळ पोटातले जंतूच आंबवतात. जास्त झाला तर अपाय होतो.

केव्हा सावध व्हावे? व्याल्यानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात गाय खुराक सोडून नुसता कडबा चघळते, दूध उतरते, शेण घट्ट पडते, श्वासाला किंवा दुधाला गोडसर वास येतो. यातले काही दिसले तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवा. शिरेतून ग्लुकोज व योग्य औषध वेळेवर मिळाले तर बहुतेक गाई सुधारतात. उशीर झाला तर त्या वेताचे दूध बुडते आणि गाय माजावर यायलाही लांबते.

तेव्हा मंडळी, गोठ्यात आज आटलेली गाय असेल तर उद्या सकाळी तिच्या बरगड्यांवरून एकदा हात फिरवून पाहा. पुढच्या वेताची काळजी तिथूनच सुरू होते.