खुंटी हलवून

तीन वर्षं आमच्या पलंगाखाली एक खोकं होतं. त्यावर मार्करने लिहिलेलं, 'बेडरूम – इतर', आणि त्याखाली चार ठिकाणं: कर्वेनगर, एरंडवणे, धायरी, वारजे. पहिली तीन खोडलेली. दर खेपेला नवऱ्याने चिकटपट्टीचा नवा थर चढवला, जुना कधी काढला नाही. आत काय आहे ते दोघांनाही नीटसं आठवत नव्हतं, तरी टेम्पोत ते सगळ्यात आधी चढायचं.

वारज्याच्या या स्वतःच्या घरात येऊन यंदाच्या जूनमध्ये चार वर्षं झाली. त्याआधीची दहा वर्षं भाड्याच्या तीन घरांत गेली. करार दर वेळी अकरा महिन्यांचा. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ते टाळण्यासाठी अकराचा आकडा रूढ झाला. पुढे महाराष्ट्राने १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, नोंदवायलाच लावला. पळवाट बुजली, पण अकरा महिने काही गेले नाहीत. एजंट मशीन घेऊन घरी यायचा, आम्ही 'थम्ब' द्यायचो आणि दहाव्या महिन्यात मालकांचा फोन येईपर्यंत निर्धास्त असायचो.

करारात एक कलम ठरलेलं: भिंतींना खिळे ठोकू नयेत. एका घरात मी चिकटवायचा हुक लावला. निघताना तो पोळीएवढा रंग घेऊन आला आणि मालकांनी डिपॉझिटमधून अख्ख्या घराच्या रंगाचे पैसे कापले. तेव्हापासून आमच्या घरात सगळं भिंतीला टेकून उभं असायचं. कॅलेंडर फ्रिजवर, आरसा टेबलावर, लग्नाचा फोटो कपाटात साड्यांच्या खाली.

२०२०च्या सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर सरकारने मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली आणि आमच्यासारखे कुंपणावर बसलेले बरेच जण एकदम खाली उतरले. डिसेंबरात दुय्यम निबंधक कार्यालयाची रांग जिन्यावरून रस्त्यावर आली होती, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. सहा महिन्यांनी ताबा मिळाला. वास्तुशांत चार माणसांत झाली, गुरुजी मोबाइलच्या पडद्यावर.

स्वयंपाकघर आठवड्यात लागलं. हॉल दिवाळीपर्यंत. बेडरूम मात्र राहिली ती राहिलीच. पलंग आणला, पण कपडे प्लास्टिकच्या खुर्चीवर, खिडकीला पडद्याऐवजी जुनी चादर, वर बिल्डरने दिलेला पांढराफटक दिवा. पाहुणे तिथवर येत नाहीत, हे एक कारण. दुसरं असं की बेडरूम लावायची कशी हे मला खरोखरच ठाऊक नव्हतं. मी वाढले त्या साताऱ्याच्या घरात अशी खोली नव्हती. रात्री माजघरात गाद्या पडायच्या, सकाळी त्यांची चळत कोपऱ्यात जायची आणि तिथेच पाटावर आम्ही जेवायला बसायचो. मराठीत शेजघर हा छान शब्द आहे, पण शेज बहुतेक देवांचीच; माणसांनी अंग टाकायचं जागा मिळेल तिथे.

पलंगाचीही जागा ठरेना. आईचा फोनवरून हुकूम, दक्षिणेकडे पाय नकोत. दक्षिणेच्या भिंतीला कपाट, त्यामुळे तिकडे डोकं करायलाही वाव नाही. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला उशी टेकवली. ती भिंत दुपारभर ऊन पिते आणि एप्रिलात रात्री अकरापर्यंत ते बाहेर टाकते. दोन उन्हाळे आम्ही तव्याला डोकं लावून झोपलो. तिसऱ्या उन्हाळ्याआधी पलंग पूर्वेकडे ओढला. पूर्वेला डोकं, म्हणून आई खूश. पण दार आता पलंगाला आपटायला लागलं. सुताराने येऊन पाहिलं आणि चार बोटं पलंग कापतो म्हणाला. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ढेकूण झाले की काय या शंकेने पलंगाखालचं सगळं उपसलं आणि ते खोकं सुरीने कापलं. ढेकूण नव्हते. आत आल्बम, बंद पडलेलं घड्याळ, दोन अभ्रे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली खुंटी.

ती माझीच होती. साताऱ्याचं घर पाडलं तेव्हा माजघराच्या भिंतीतून मजुराला सांगून काढून घेतली होती. सागवानी, वीतभर बाहेर राहणारी, तेवढीच भिंतीत जाणारी. जिथे बाबांचा सदरा अडकायचा तिथे लाकूड काळं होऊन चकाकत होतं. वर्तमानपत्र २०१६चं.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बोटाच्या पेराने भिंत वाजवली. "ताई, ही ब्लॉकची भिंत. नुसता खिळा मारला तर लाडवात काडी खोचल्यासारखं. लांब गिट्टी लागंल." या ब्लॉकच्या मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमची पूड घालतात, त्याने आत वायू सुटतो आणि ते ढोकळ्यासारखं फुगतं, म्हणून वजनाला हलकं. मग त्याने खुंटी हातात घेऊन उलटसुलट केली. "भिंत चार इंची. ही अशीच घातली तर पलीकडं बाथरूममध्ये निघंल. तिकडं टॉवेल अडकवा." जुन्या घराची मातीची भिंत हातभर जाड होती, खुंटी भिंतीबरोबरच बसवलेली. शेवटी मागची वीत करवतीने कापायची आणि पुढची फळीवर बसवून फळी भिंतीला आवळायची, असं ठरलं.

त्याने भिंतीवर पेन्सिलने चार ठिपके केले. खाली एक पाकीट उघडं करून चिकटवलं, भुसा त्यात पडावा म्हणून. ड्रिल सुरू झालं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. घर आमचं, हप्ता आमचा, हे पक्कं माहीत असून मी मनात डिपॉझिटचा हिशोब करत होते. भुसा राखाडी, तांदळाच्या पिठीसारखा मऊ. चौथ्या भोकापर्यंत मी पाकीट स्वतःच्या हाताने धरलं होतं.

त्यानंतर आठ दिवसांत त्या माणसाला दोनदा बोलावलं. पडद्याची दांडी, आरसा, साड्यांखालचा फोटो, भिंतीवरचा पिवळा दिवा. लेक म्हणाली, आई, बास आता, चाळण होईल.

बायपासवरचे ट्रक रात्री ऐकू येतात. पूर्वी मला त्यांनी जाग यायची. कधी येईनाशी झाली ते सांगता येणार नाही. नवऱ्याला मात्र नवीन खोड लागली आहे. झोपण्याआधी तो खुंटी हलवून बघतो. खुंटी हलवून बळकट करणं म्हणतात ते हेच, असं मी म्हटलं, तर म्हणाला, चार इंचांचा भरवसा काय?

कापलेला मागचा तुकडा टाकवेना. त्याला पाचरीसारखं तासून घेतलं. तो आता दाराखाली असतो, दार पलंगाला आपटत नाही.