सैनिकी रहस्यकथा (मराठी) : वाचकांची मते

सैनिकी रहस्यकथा हा मराठी लोकप्रिय कादंबरीचा एक उपप्रकार आहे. लष्करी हुद्दा असलेला नायक, परकीय राष्ट्राचे कारस्थान, चोरीला गेलेली कागदपत्रे किंवा संहारक अस्त्र आणि अखेरीस नायकाने जवळजवळ एकट्याने दिलेली झुंज ही त्याची ठळक लक्षणे होत. कॅप्टन दीप, मेजर अविनाश भोसले यांसारखे नायक निर्माण करणारे गुरुनाथ नाईक हे या प्रकारातील सर्वांत परिचित लेखक. त्यांच्या नावावर बाराशेहून अधिक कादंबऱ्या आहेत. साहित्यसमीक्षेने या पुस्तकांची फारशी दखल घेतली नाही. वाचकांची मते मात्र ठाम होती आणि ती सरसकट भाबडी नव्हती.

पार्श्वभूमी

मराठीत रहस्यकथेचा मोठा वाचकवर्ग तयार केला तो बाबुराव अर्नाळकर यांनी. त्यांच्या हजारावर कादंबऱ्यांतील धनंजय, झुंजार, काळा पहाड हे नायक मुख्यतः शहरी गुन्हेगारीशी झुंजणारे होते. १९६२चे चीनयुद्ध, पाठोपाठ १९६५ व १९७१ची युद्धे यांनी सीमा, हेर, तळ, तुकडी हे शब्द घरोघरी नेले. परदेशांतील हेरगिरीसाठी ‘रॉ’ ही स्वतंत्र संघटना १९६८ मध्ये स्थापन झाली. गुन्हेगाराच्या जागी शत्रुराष्ट्र आणि खाजगी हेराच्या जागी लष्करी अधिकारी येण्यास अशी अनुकूल हवा होती. नाईक यांचा बहराचा काळ त्यानंतरचा आहे.

लष्करी हुद्द्याचा नायक ही केवळ मराठीची कल्पना नव्हे. इब्ने सफी यांच्या ‘जासूसी दुनिया’ या १९५२ मध्ये सुरू झालेल्या उर्दू मालिकेत कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद आहेत. हिंदी रूपांतरात फरीदीचा कर्नल विनोद झाला. हिंदीत ‘कर्नल रंजीत’ या टोपणनावाने मखमूर जालंधरी यांनी मेजर बलवंत हा नायक लोकप्रिय केला. इंग्रजीतील ॲलिस्टर मॅक्लीन यांच्या युद्धकादंबऱ्या पुढे अशोक पाध्ये यांच्या अनुवादांतून मराठीत आल्या.

परभणी जिल्ह्याचा संदर्भ

परभणी जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे शिक्षण व कारभार यांची भाषा प्रामुख्याने उर्दू होती. त्यामुळे शाळेत उर्दू आणि घरी मराठी अशी एक पिढी मराठवाड्यात होती. मराठी सैनिकी रहस्यकथेकडे पाहताना अशा वाचकासमोर तुलनेला उर्दू आणि हिंदी मालिकाही असत, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकाविषयी लिहिताना सहसा ध्यानात येत नाही. उर्दू कथेतील विनोद आणि चटपटीत संवाद यांच्या शेजारी ठेवली की मराठी सैनिकी कथा गंभीर, किंबहुना थोडी ताठ वाटते.

परभणी आणि पूर्णा ही रेल्वेची जंक्शने आहेत; जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड ही एस.टी.ने जोडलेली तालुक्याची गावे. रहस्यकथा विकत मिळण्याची जागा म्हणजे स्थानकावरचा पुस्तकांचा गाळा, आणि भाड्याने मिळण्याची जागा म्हणजे दिवसाच्या दराने पुस्तक देणारे छोटे खाजगी वाचनालय. सार्वजनिक ग्रंथालयांना ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७’ लागू झाल्यावर अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळू लागले. निजामी राजवटीत मराठी वाचनालये ही भाषेच्या अस्मितेची केंद्रे होती. त्या परंपरेतून आलेल्या कार्यकर्त्याला भाड्याच्या रहस्यकथेबद्दल आदर वाटणे अवघडच होते. बी. रघुनाथ यांच्यासारख्या कवी-कादंबरीकाराच्या परभणीत ‘वाङ्मय’ आणि ‘वाचायचे पुस्तक’ या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या गेल्या.

वाचकांची अनुकूल मते

रहस्यकथांच्या जुन्या वाचकांच्या आठवणींत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. पहिली वेगाची. वाक्ये आखूड, प्रकरणे छोटी आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी नायक संकटात, अशी रचना असल्याने पुस्तक एका बैठकीत किंवा एका प्रवासात संपे. नुकतेच वाचू लागलेल्या आणि जाडजूड कादंबरी पाहून बिचकणाऱ्या वाचकाला पुस्तक संपवल्याचे समाधान याच कथांनी दिले. क्रमिक पुस्तकाच्या आत दडवून वाचल्याच्या आठवणी तर सार्वत्रिक आहेत.

दुसरी गोष्ट नायकाची. मराठी बोलणारा, ‘भोसले’ आडनावाचा मेजर परदेशी हेरांना चकवतो, ही कल्पना सैन्यभरतीची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात वाचकाला जवळची वाटली. तिसरी भूगोलाची. हिमालयातील खिंडी, परदेशी शहरे, विमानतळ, बंदरे यांची वर्णने खरी किती हा प्रश्न उरतोच; तथापि दूरचित्रवाणी जिल्ह्यात पोहोचण्यापूर्वी अनेकांना जगाचा नकाशा उघडायला लावला तो या कथांनी.

आक्षेप

सर्वांत जुना आक्षेप पुनरुक्तीचा. महिन्याला अनेक पुस्तके लिहिणाऱ्या लेखकाकडून साचे पुन्हा येणे अपरिहार्य होते, आणि नियमित वाचक ते ओळखत. मुखपृष्ठ व नाव वेगळे पण कथा वाचलेलीच, ही तक्रार भाडे देणाऱ्याची असल्याने तिला धार होती.

दुसरा आक्षेप सैनिकी तपशिलाचा. पायदळात मेजर साधारणतः सुमारे सव्वाशे जवानांच्या कंपनीचे नेतृत्व करतो. त्याचे काम आदेश, रसद, नकाशे आणि माणसे सांभाळण्याचे असते. कथेतील मेजर रजा न मागता देशोदेशी हिंडतो, वरिष्ठ फक्त पहिल्या व शेवटच्या प्रकरणात दिसतात, आणि हेरगिरीचे काम नेमके कोणत्या खात्याचे हे गुलदस्त्यात राहते. ज्यांच्या घरात कोणी सैन्यात आहे अशा वाचकाला हे खटकणे स्वाभाविक आहे. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचे १९६२च्या पराभवावरील ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ हाती घेतल्यास फरक लख्ख दिसतो : तेथे धैर्य असूनही थंडी, अपुरा दारूगोळा आणि चुकीचे निर्णय यांपुढे माणसे मरतात. सैनिकी रहस्यकथेत पराभवाला जागा नाही, आणि मृत्यू येतो तो बहुधा दुय्यम पात्रांच्या वाट्याला. शत्रूचे एकरंगी चित्रण आणि स्त्रीपात्रांना मोहिनी किंवा ओलीस एवढेच स्थान देणे हे आक्षेप पुढच्या काळात अधिक तीव्र झाले. ते रास्त आहेत.

नैतिक आक्षेप आणि न्यायालय

अशा पुस्तकांनी तरुण बिघडतो, हे पालक व शिक्षक यांचे मत होते. लोकप्रिय कथेच्या दुसऱ्या एका शाखेबाबत तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेवरून चंद्रकांत काकोडकर यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ मध्ये न्यायालयाने ती कथा अश्लील ठरवली नाही. वाङ्मयीन दर्जा आणि वाचकावरील परिणाम हे वेगळे प्रश्न आहेत, हा त्या निकालातून दिसणारा भेद सैनिकी कथेच्या चर्चेत क्वचितच पाळला गेला. कंटाळवाणे पुस्तक आणि घातक पुस्तक यांत अंतर आहे.

मतांची नोंद

दर्जेदार मासिकांत या पुस्तकांची परीक्षणे अपवादानेच आली. वाचकांचा कौल दिसे तो पुस्तकाच्या अवस्थेत : निखळलेली पाने, पुन्हा डकवलेले मुखपृष्ठ, समासातील शेरे आणि शेवटचे पान फाडणाऱ्यास वाहिलेल्या शिव्या. स्वस्त कागदावरील ही पुस्तके जितकी अधिक वाचली गेली तितकी लवकर नष्ट झाली. म्हणून आज जुन्या प्रती धडधाकट सापडतात त्या बहुधा कमी मागणी असलेल्या पुस्तकांच्या. उतारवयात नाईक यांच्या आजारपणाच्या व आर्थिक ओढाताणीच्या बातम्या आल्या, तेव्हा त्यांची पुस्तके एकेकाळी भाड्याने नेणारा वाचक पन्नाशी-साठी ओलांडलेला होता.