मील मेकर, सोयाची गोळी आणि फॅटी लिव्हर

चेन्नईच्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, शोळिंगनल्लूरच्या आयटी पट्ट्यात, नोकरीसाठी आलेली मराठी घरं बरीच आहेत. कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीच्या कागदावर ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ आलं, की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आम्ही तर दारूच्या थेंबालाही शिवत नाही!’

शिवायची गरजही नाही. चेन्नईतल्याच एका पाहणीत (2009) सुमारे 32 टक्के लोकांच्या यकृतात दारूशी संबंध नसलेली चरबी सापडली होती. मधुमेह असलेल्यांत तर निम्म्याहून अधिक जणांत. हैदराबादच्या 345 आयटी कर्मचाऱ्यांच्या तपासणीत (2025) हे प्रमाण 84 टक्के निघालं. बैठं काम, रात्रपाळी, पोटाचा घेर आणि इन्सुलिनला दाद न देणारं शरीर, एवढं त्याला पुरतं.

दुसरं वाक्य येतं ते फोनवर फिरणाऱ्या बातमीतून. ‘सोयातल्या द्रव्याने फॅटी लिव्हर बरं होतं.’ हे सरळ खोटं नाही, म्हणूनच त्याच्याकडे नीट बघायला हवं. सोयाबीनमध्ये जेनिस्टीन नावाचं द्रव्य असतं. ते इस्ट्रोजेनसारखं, पण फार सौम्यपणे काम करतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या यकृतातली चरबी त्याने घटल्याचं दिसलं आहे. इराणमधल्या 82 रुग्णांची चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना आठ आठवडे रोज 250 मिलिग्रॅम जेनिस्टीन दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली निकामी गोळी. जेनिस्टीनवाल्यांचा इन्सुलिन प्रतिरोध आणि रक्तातल्या दाहाच्या खुणा कमी झाल्या. पण यकृताची म्हणून जी चाचणी आपण बघतो, त्या एसजीपीटीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. यकृताचा तुकडा काढून तपासलाच नव्हता. म्हणजे शरीराचं बिघडलेलं साखरेचं गणित थोडं सुधारलं. यकृत बरं झालं, असं त्यातून निघत नाही.

आणि ती निकामी गोळी उगाच नसते. ‘शेजारच्यांना गुण आला’ याला मी पुरावा का मानत नाही, ते इथे कळेल. 2024 मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या रेस्मेटिरोम या फॅटी लिव्हरवरच्या औषधाच्या 52 आठवड्यांच्या मोठ्या चाचणीत निकामी गोळी घेणाऱ्यांपैकीही जवळपास 10 टक्क्यांच्या यकृताचा दाह निवळला होता. औषध घेणाऱ्यांत तो आकडा 26 ते 30 टक्के होता. औषधाची खरी कमाई या दोन आकड्यांमधल्या फरकात असते.

‘मग रोज सोया वड्या खाऊ.’ इकडे त्यांना मील मेकर म्हणतात. बिर्याणीपासून कुर्म्यापर्यंत सगळीकडे त्या सापडतात. खा की! प्रथिनं चांगली आहेत. पण इराणच्या चाचणीतली जेनिस्टीनची मात्रा गाठायची तर रोज साधारण 300 ग्रॅम कोरडं सोयाबीन पोटात जायला हवं. तेलात तळलेल्या मील मेकरचा हिशेब तर वेगळाच. सोयाने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटतं, ही भीती मात्र सोडून द्यावी. एकत्रित अभ्यासांत तसं आढळलेलं नाही.

औषधाच्या दुकानात सोयाबीनपासून काढलेल्या फॉस्फोलिपिडच्या कॅप्सूलही मिळतात. 2024 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी मात्र अशा पूरक गोळ्यांची शिफारस पुरेशा पुराव्याअभावी केलेली नाही. ‘वनस्पतीची आहे, अपाय तर नाही ना?’ तसं गृहीत धरता येत नाही: मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांना यकृताची इजा झाल्याची नोंद केली आहे. सोया इतकं धोक्याचं नाही, पण थायरॉईडच्या गोळीचं शोषण ते कमी करू शकतं, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं.

मग गुण कशाने येतो? वजन उतरवण्याने. क्यूबातल्या 293 रुग्णांच्या वर्षभराच्या अभ्यासात ज्यांनी 10 टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यापैकी 90 टक्क्यांचा यकृतदाह निवळला आणि 45 टक्क्यांच्या यकृतातले व्रणही मागे हटले. 85 किलोच्या माणसाला हे साडेआठ किलो पडतात. सोयाच्या कुठल्याही गोळीने हा पल्ला अजून गाठलेला नाही.